एका डोळ्याची झोप

निपाणीपासून समुद्र किती लांब, कुणी मोजला नाही.
रिझवाना वाचते, आम्ही विड्या वळतो.
तिचा अंगठा चिरलाय, चिंधी अजून ओली,
म्हणून आज सूप बाजूला
आणि मांडीवर पोराच्या शाळेतलं पुस्तक.

बाटलीसारख्या तोंडाचा डॉल्फिन.
बाळव्वा म्हणते, बाटलीचं तोंड? मग आमचे हेच की.
सोपा हसतो. दोरा तुटतो कुणाचातरी.

मासा नव्हे तो, पाजतो.
पाजते, म्हण की गं.
पाण्याखाली, पोहता पोहता,
चार-पाच सेकंदांचं पाजणं
की लेकरू वर, श्वासाला.
मीही दोघींना पाजलं ते कात्री हातातच ठेवून.

श्वास आपोआप नसतो तिचा.
दर खेपेला आठवणीनं वर यायचं,
टाळूवरचं भोक उघडायचं, फूऽऽ,
मिटायचं, बुडायचं.
विसरली की संपलं.
इथं जरा वेळ कुणी बोललं नाही.
तंबाखूची धूळ कवडशात उभी होती.

मग झोपते कधी?
अर्ध्या डोक्यानं. एक डोळा मिटून,
एक उघडा.
कुसाक्का वर बघत नाही.
पान कापते, चिमूट भरते, तोंड मुडपते,
पापण्या अर्ध्यावर.
काल चेकरनं तिचे तीन कट्टे छाटले,
ते रात्री पुन्हा वळलेत.

प्रत्येकीला नाव असतं म्हणे, शीळ हेच नाव.
बाळंत झाली की आई दिवसच्या दिवस
आपलीच शीळ घालत राहते,
गर्दीत लेकराला आई कळावी म्हणून.
आणि जुनी सोबतीण वीस वर्षांनी शीळ ऐकूनही
वळून बघते.
बाळव्वाची कात्री थांबली.
गोकाकला मला चिन्नी म्हणायचे, ती म्हणाली,
इथं आल्यापासून
जाऊ दे, वाच तू.

रिझवानानं पान उलटलं, तेवढ्यात
कुसाक्काला ढास लागली.
लागली ती थांबेना.
सूप कलंडलं, पानं सांडली,
बाळव्वानं एका बगलेत हात घातला, मी दुसऱ्या,
उंबऱ्यापर्यंत उचलूनच नेली तिला, उजेडात,
तोंड वर करून धरली.
घे. घे आता.
घेतला तिनं.

आत आलो तर रिझवाना चित्राकडे बघत बसलेली:
मध्ये एक आजारी, दोन बाजूंना दोघी.
तिनं ते वाचून दाखवलं नाही.
खूण म्हणून तेंदूचं पान घातलं.
पुस्तक सोमवारी परत द्यायचंय,
आणि माझ्या कट्ट्यात अजून
सात कमी.