हाफरून

बोलुंगारविकच्या मासळी लिलावघरात
हिवाळ्यात अकराला उजाडतं आणि तीनला मिटतं.
मधल्या चार तासांत गेर्दुर खिडकीशी उभी राहून बोटी मोजते
आणि मी वरच्या मजल्यावर
थोर्केलचा पर्ल वाचते.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. टीप एकही नाही.
एक मोठी टोपली, तिचं नाव बंदर.
बंदरात बोटींची नावं, नावामागे वर्षं,
वर्षात महिने, महिन्यात फेऱ्यांची रांग,
आणि एकेका फेरीच्या पोटात
कॉड इतके किलो, हॅडॉक इतके, बर्फ इतका.
महिरपी कंसात महिरपी कंस, मध्येच एखादा चौकटी.
उतरंडच ती: तळाचं मडकं हवं
तर वरची सगळी उतरवा.

पहिल्या आठवड्यात मी बोट छापायला गेले
की मासळीऐवजी एक लांबलचक आकडा यायचा,
अक्षरं मिसळलेला. घराऐवजी घराचा पत्ता.
थोर्केलला फोन केला. तो सप्टेंबरातच निवृत्त झाला होता.
म्हणाला, "बाण लाव.
पत्त्यावर उभी राहून जेवण मिळतं का?"

मग एकदा मी जानेवारीची प्रत काढली,
प्रतीत निर्धास्त खाडाखोड केली,
तर मूळ जानेवारीही बदलला.
वरचं भांडं नवं होतं, आतलं तेच.
गेर्दुर म्हणाली, "माझं आणि बहिणीचं असंच आहे.
घरं दोन, आई एक.
कुणाच्याही घरी भांडा, ती दोन्हीकडे रुसते."

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात
रेक्याविकहून विचारणा आली:
तुमच्या अहवालातली हाफरून ही बोट कोणाची?
ऑक्टोबर, शून्य किलो. नोव्हेंबर, शून्य. डिसेंबर, शून्य.
परवाना कुठे आहे?

गेर्दुरने चष्मा काढून पुसला.
"ती अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत गेली. पाच जण."
मग थोड्या वेळाने,
"थोर्केल ती ओळ पाठवण्याआधी पेनाने खोडायचा."
दर महिन्याला?
"दर महिन्याला."

मी नोंदी चाळल्या.
हाफरून कुणीच लिहिलेली नाही, एकाही फाइलीत नाही.
तिसऱ्या दिवशी, ओळ चारशे बारा, ती सापडली:
हाफरूनची, या वर्षीची, या महिन्याची पहिली फेरी
आली असेल तर.

नुसता प्रश्न.
पण पर्लचा स्वभाव असा
की खोल आत काय आहे म्हणून विचारलंत
तर तिथवरच्या खोल्या तो आधी बांधून काढतो.
बोट नव्हती, बोट केली.
तिला हे वर्ष दिलं, वर्षाला महिना,
महिन्यात रिकामी रांग मांडून ठेवली,
आणि मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला,
फेरी? नाही. आलेली नाही.
उत्तर खरंच होतं.
विचारता विचारताच धक्क्याला बोट लागली होती.

फोनवर मी फक्त ओळीचा आकडा सांगितला.
पलीकडे किटली शिट्टी घालत होती, कुणी ती उतरवेना.
"एका दमात इतकं खोल विचारायचं नसतं," तो म्हणाला.
"आधी बोट आहे का ते बघ. असली तर वर्ष.
असलं तर महिना. दार वाजवत जा."
तुम्हाला माहीत होतं?
"कॉडला आज काय भाव आहे?"
मी भाव सांगितला.
महाग झालाय, म्हणाला. किटली उतरली.

दुपारी मी तीन दारं बसवली.
अहवाल एका ओळीने आखूड निघाला,
कागदाच्या तळाशी बोटभर पांढरी जागा.
खाली गेर्दुर कोट चढवत होती,
बाहेर शेवटची बोट दिवा लावून आत वळत होती.
"बेरीज?" तिने विचारलं.
मी दोनदा तपासली होती.
तेवढीच, म्हटलं. एक किलोसुद्धा कमी नाही.