पाणसळ

डॉक्टर सबनीस म्हणाल्या, कानातले खडे सरकलेत.
मी हसलो. खडे बायकोच्या कानात,
तेही खोटे, तुळशीबागेतले.
त्या हसल्या नाहीत.
मान धरून उजवीकडे वळवली, मला आडवं टाकलं,
आणि पंखा बंद होता तरी
सगळी खोली त्याच्याभोवती फिरली.

चौतीस वर्षं मी भूमी अभिलेखात जमीन मोजली.
पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आल्याशिवाय
एक आकडा वहीत उतरवला नाही.
भावाभावांची भांडणं त्या बुडबुड्यापाशी थांबायची.
तोच आता सुटलाय,
माझ्याच डोक्यात कुठेतरी.

तरी पहाटे वेताळ टेकडी, पंचवटीच्या बाजूने.
बागवान पुढे, मी मागे.
बागवान मंडईत पेरू विकायचा.
वजन हातानेच कळायचं त्याला,
काटा लावायचा तो गिऱ्हाईकाच्या समाधानासाठी.
माझ्या तोलाबद्दल तो काही बोलत नाही,
फक्त काठी अशी धरतो
की मागचं टोक माझ्या हाताशी यावं.

वर बघायचं नाही.
मोर ओरडला तर मान नाही,
अख्खं अंग वळवायचं, बैलगाडीसारखं.
खाली वाकायचं नाही, म्हणून बुटाची नाडी बागवान बांधतो.
पहिल्या दिवशी मला लाज वाटली.
चौथ्या दिवशी मी पाय पुढे केला.

एप्रिलचं गवत, पिवळं, बुटांवर घासणारं.
उंदीरमारीच्या शेंगा तडकत होत्या.
खाणीच्या अलीकडे तो थांबला. "बसूया इथंच?"
मी नको म्हणालो.
एके काळी त्या काठावर पाय सोडून मी डबा खाल्लाय.

काठी धरून तीन पावलं.
तळाचं हिरवं पाणी ताटलीसारखं कललं,
पलीकडचा कातळ अंगावर आला,
आणि लांब कोथरूडच्या इमारती
(तिथली ज्वारीची रानं मी साखळीने मोजली होती)
एकेक करून आडव्या झाल्या,
माझ्या हद्दीच्या दगडांसकट.

मग मी बसलो. म्हणजे बसवला गेलो.
दोन्ही तळवे कातळावर.
कातळ रात्रीचा गार होता आणि हलत नव्हता,
डोळे मिटले की हलायचा, उघडले की थोडा कमी.
बागवानने अर्धी प्यालेली बाटली
आमच्या मध्ये आडवी ठेवली, लवंडू नये म्हणून दोन खडे लावून.
आतला बुडबुडा सरकत
एका टोकाला गेला
आणि तिथेच राहिला.

बराच वेळ मी त्याच्याकडेच बघत होतो.
सवयीने उतार काढला, नजरेने:
शंभराला चार, पूर्वेकडे.
बागवानला सांगितलं.
"बरं," तो म्हणाला,
आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला वाकला.