हिची पाठ दाखवा

एकेचाळीस दिवस स्टिअरिंग माझ्या हातात
आणि मागच्या सीटवर गोधड्यांचा ढीग.

देवस्थळी मॅडम पुण्याच्या, रिटायर झालेल्या.
गाडी त्यांची, वही त्यांची.
म्हणाल्या, शौकतभाई, जिथं गोधड्यांचं दुकान दिसेल
तिथं थांबायचं.
मी म्हटलं, थांबू की. डिझेल तुमचं.

भुजला चपला काढून आत गेल्या
त्या अडीच तासांनी बाहेर.
तोवर माझे तीन चहा आणि एक पंक्चर.
जयपूरला दुकानदारानं रजई मुठीत गोळा करून दाखवली,
मांजराच्या पिल्लाएवढी. पाव किलो, म्हणाला.
पाव किलोत कुठली थंडी भागते?
मुझफ्फरपुरात एकीनं टाक्यांतून वरात काढलेली,
नवरदेवाचा घोडा जरा गाढवासारखा.
मॅडमना तोच आवडला.
बोलपूरला भाषाच येईना,
घासाघीस बोटांवर झाली.

काच पुसायला माझ्याकडं फडकं नव्हतं.
भुज सोडताना मॅडमनी बॅगेच्या तळातून
एक ओढणी काढून दिली,
जांभळी, काठ उसवलेली.
"घ्या. हिचं आता काही उरलं नाही."
मग पालनपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.
मी विचारलं नाही.
ड्रायव्हरनं आरशात फक्त मागचा रस्ता बघावा.

कागल ओलांडलं
आणि गुऱ्हाळाचा वास गाडीत शिरला.
मॅडमनी वही उघडली.
"कोल्हापुरात दुकान कुठं?"

चपलांची पन्नास सांगितली असती.
गुळाची, साजाची, मिसळीची.
वाकळेचं दुकान?
आमच्यात वाकळ शिवणारी घरी येते,
आईची साडी, अब्बांची लुंगी, जे विरलं असेल ते मागते
आणि दारात पसरून बसते.

उचगावात हौसाक्काकडं गाडी वळवली.
ती गुडघ्याखाली वाकळ दाबून शिवत होती,
सुई दातात धरून हसली.
"दुकान? कुणाच्या अंगावरचं कुणाला इकू?"

मॅडमनी सगळा ढीग अंगणात उलगडला.
हौसाक्कानं एकेक उचलली
आणि आधी उलटी केली.
"हिची पाठ बगा, दोरा ऱ्हायलाय सरळ.
हिनं घाई केली, पोरं रडत आसतील.
ही मशीन."
ती मशीन सगळ्यात महाग होती.
मॅडम काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, मला एक शिवून द्याल?
"कापडं द्या की."
मॅडमनी मीटरनं घेतलेली नवीकोरी ठाणं काढली.
हौसाक्कानं हात फिरवून बाजूला ठेवली.
"ह्यास्नी अजून अंगाची वळख न्हाई.
दोन वरीस नेसा, मग आणा."

बॅग उपसली. जुनं काही निघालं नाही.
सत्तावीस गोधड्या, आणि एक चिंधी नाही.

मला डॅशबोर्डवरचं फडकं आठवलं.
कच्छची धूळ, बिहारचा चिखल,
चिलटांचे पंख, चहा, डिझेल.
जांभळा रंग फक्त एका कोपऱ्यात उरलेला.
हौसाक्कानं झटकलं, उजेडात धरलं.
"कुणाची गं ही?"

"माझी," मॅडम म्हणाल्या.
मग जरा वेळानं, "म्हणजे, तिची."

तिनंही पुढं विचारलं नाही.
चार ठिकाणी ताणून बघितलं,
फाटतंय का, धरतंय का.
"धुतली की निगंल. मधी घालते.
वरनं दिसायची न्हाई, पर आसंल.
बाकी माझ्याकडची लावू. आठ दिसांनी या."

पुण्याला निघालो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं.
शिरोलीला समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला,
काच धुळीनं भरली.
मी सवयीनं डॅशबोर्ड चाचपला.

"असू दे, शौकतभाई," मॅडम म्हणाल्या.
"दिसतंय तेवढं."