एक रुपया कमी

तीन पिढ्या आम्ही भांडीबाजारात
तांबं किलोवर विकलं.
हंडा असो की तपेलं, काट्यावर ठेवायचं,
आजचा भाव, वर मजुरी,
गुणाकार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत.
चुकला तर तेच सांगायचं.

मग गंगापूर रोडवरनं श्रेयस बोरस्ते आला,
लॅपटॉप पोटाशी धरून, बूट उंबऱ्याबाहेर काढून.
बूट काढले म्हणून अप्पांनी त्याला बसू दिलं.
त्यानं एक बाटली उजेडात फिरवली,
म्हणाला, हे ठोके लोकांना दिसू द्या.
ठोके दिसायला नसतात, अप्पा म्हणाले,
पत्रा कणखर व्हावा म्हणून मठारतात.
अगदी तेच लिहू या, तो म्हणाला,
आणि लिहिलं, 'प्रत्येक ठोक्यात एक श्वास'.
अप्पांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.
"श्वास धरूनच ठोकावं लागतं रे."

दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव होतं,
बाटलीवर आलं 'तांबडं'.
खाली बारीक अक्षरात, दिवस इथून फुटतो.
खोका मातीच्या रंगाचा, त्यात वाळकं गवत,
गवतात बाटली, नुकत्याच अंड्यातून आलेल्या पिल्लासारखी.
फोटो पहाटे घाटावर काढला.
कडेला एक बाई चिंच लावून तांब्या घासत होती.
तिला कापलं.

किमती तीन.
सहाशे नव्याण्णव, नऊशे नव्याण्णव,
आणि कोरीव झाकणाची चोवीसशे नव्याण्णव.
ही शेवटची खपायची नाही, श्रेयस मला समजावत होता,
ही नुसती शेजारी उभी करायची,
म्हणजे मधली स्वस्त वाटते.
मला लगेच कळलं.
पाहुणे आले तेव्हा मावशीनं मला
असंच बसवलं होतं
माझ्या थोरल्या बहिणीशेजारी.

अप्पा अडले ते नव्याण्णववर.
"हजार का नाही?"
हजार मोठे वाटतात, काका.
"आपण आहेरात एक रुपया वर ठेवतो.
एकशे एक, पाचशे एक.
म्हणजे देणं इथं संपलं नाही, असं.
तू तोच रुपया खालून काढतोस.
मग काय संपलं म्हणायचं?"

श्रेयस हसला नाही.
त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं,
आणि मला भीती वाटली
ती खरी निघाली.

दिवाळीला नवा खोका आला.
दोन पेले, एक बाटली, किंमत एक हजार एक,
आणि झाकणाच्या आतून चिकटवलेलं
खरंखुरं रुपयाचं नाणं.
'देणं इथं संपत नाही.'
अंबडच्या एका कारखान्यानं कामगारांसाठी
एकदम चारशे खोके नेले.
आळीतले सगळे हातोडे महिनाभर आमचे होते.
अप्पांनी पैसे मोजले, नीट ठेवले,
आणि तीन दिवस श्रेयसचा फोन उचलला नाही.
चौथ्या दिवशी उचलला.
आम्हालाही घरपट्टी भरायची असते.

परवा एक बाई आली,
पिशवीतून 'तांबडं' काढून म्हणाली,
मोड घेता का?
घरात तिघं कामाला, तीन खोके आले,
एवढ्या बाटल्यांतून पाणी कोण पिणार!
अप्पांनी बाटली काट्यावर ठेवली.
काट्याला अक्षरं वाचता येत नाहीत,
श्वास तर अजिबातच नाही.
तीनशे दहा ग्रॅम.
मोडीचा भाव, गुणाकार, तिच्या डोळ्यांदेखत.

"खोका?" मी विचारलं.
तो नाही देणार, बांगड्यांना छान होतो.
"आणि रुपया?"
हे अप्पांनी विचारलं, मान खालीच होती.
बाई जरा गोंधळली.
तो होय, म्हणाली,
तो देव्हाऱ्यात ठेवलाय. खर्च कसा करायचा?

बाटली उचलून घेतली होती,
तरी अप्पा बघत राहिले
रिकामा काटा हलायचा थांबेपर्यंत.