खिडकी नंबर चार

पहिल्या बैठकीत पाहुण्यांनी भिंतीवर
पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्रेपन्न.
मी मोजल्या. मोजणं हेच माझं काम, सव्वीस वर्षं,
लष्कर भागातल्या त्या कचेरीत, खिडकी नंबर चार:
विधवा पेन्शन,
आणि थंडीत शिल्लक राहिलीच तर घोंगडी.

निधी दक्षिणेतून आला होता, तीन वर्षांचा,
कुण्या हयात नसलेल्या बाईंच्या नावाने.
"सेवांची पुनर्रचना" असं कापडावर छापलेलं,
खाली तेच हिंदीत, जरा लांबवून.
प्रणीत शेणॉय नावाचा मुलगा, अजून धड मिशी नाही,
म्हणाला, "हे सुरक्षेचं जाळं आहे, मावशी.
कुठे फाटलंय तेवढं दाखवा."

जाळं म्हटल्यावर मला ग्वाल्हेरच्या मेळ्यातली सर्कस दिसली.
खेळ संपला, लोक भजी खायला पांगले,
माझी चप्पल हरवली म्हणून आम्ही दोघी बहिणी परत तंबूत,
आणि तिथे जाळ्याखाली एक म्हातारा उताणा पडून
एकेक गाठ अंगठ्याने चाचपत होता.
दिवे मालवलेले. झोक्यांकडे बघतही नव्हता.

मी प्रणीतला काही दाखवलं नाही.
म्हटलं, हजीऱ्याच्या रामकटोरीमागे एक दिवस चाल.

खिडकी एक: रेशन कार्डावरचं नाव कटलं.
"आदमी नहीं रहा," ती म्हणाली.
खिडकी दोन: कधी? कुठे? दाखला?
ती म्हणाली.
तीनवर जेवणाची सुट्टी.
मग माझी खिडकी. मीही विचारलंच की.
मान वर न करता, रोजच्यासारखं.
पाचवर प्रणीतचं पेन थांबलं,
सहावर तो खाली फरशीवर बसला, बाक नव्हता म्हणून.
सातव्या खिडकीशी पोचेपर्यंत ते वाक्य
इतकं गुळगुळीत झालं होतं
की त्यात नवरा उरलाच नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहायला बरं वाटेल.
लागली. पण सकाळी मी म्हटलं,
टॅब्लेट नंतर घ्या,
आधी एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या,
पाण्याचा माठ, आणि सांगणं एकदाच.

बाकावरून हिशेबनीस अडले सहा आठवडे.
कोणत्या शीर्षाखाली? फर्निचरला मंजुरी नाही.
शेवटी बाक "नवोपक्रम" म्हणून खरेदी झाला,
सागवानी, तीन माणसांचा,
अहवालात त्याचा रंगीत फोटो आहे.

आता खिडक्यांवर प्लायवूड.
पलीकडे तेच सहा जण, तेच शिक्के,
पण कागद हिंडतो, बाई बसते.
एवढंच झालं, तीन वर्षांत.
एवढ्यासाठी किती खर्च आला ते मला माहीत आहे,
सांगणार नाही.
मार्चमध्ये निधी संपतो. जूनमध्ये मी निवृत्त.
माठ रोज कोण भरणार, हे कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.

दिवाळीनंतर रामकटोरी आली, हयातीच्या दाखल्याला.
तिचं सगळं माझ्यापुढे लिहिलेलं.
मी अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं,
झालं म्हटलं, तुला काही बोलायची गरज नाही.
ती उठेना.
"पूछोगी नहीं?"

मग तिने सांगितलं.
चहात तो गूळच घालायचा,
मिल बंद पडल्यावरही भोंग्याच्या वेळेला उठायचा,
अंघोळ करून, भांग पाडून, दारात उभा,
आणि भांडणात शिव्या संपल्या की हसायचा.
यातल्या कशालाही रकाना नव्हता.
मी पेन टोपणात घातलं.

तिच्यामागे रांगेत अकरा माणसं.
मी मोजली.