गोदीत किती?

धायरी फाट्यावरच्या अमृततुल्यात
दोघे जण आरमारं मोजत होते.
त्यांच्या पाणबुड्या इतक्या, आपल्या इतक्या,
विमानवाहू नौका एका हाताच्या बोटांवर,
विनाशिकांवरून तर चहाच निवला.

केळशीकर बशीत फुंकर घालत बसलेले.
एकवीस वर्षं इंजिनरूममध्ये,
डावा कान तिथेच राहिला.
उजवा पुढे करून म्हणाले,
"यातल्या गोदीत किती?"

दोघे गप्प.
"सुट्या भागांची वाट बघत किती?
आणि गंज? तो कोणाच्या बाजूने धरलात?"

एकाने मोबाइल उघडला. शोधू लागला.

केळशीकरांनी तोवर
भिंतीला तळवा टेकवला होता.
पलीकडे पिठाची गिरणी चाललेली.
डोळे मिटून थोडा वेळ तसेच.
मग पोऱ्याला म्हणाले,
"गिरणीवाल्याला सांग,
बेअरिंग जातंय.
फार तर आठ दिवस."