दोन हात

काल्युचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात
परत आलेल्या पुस्तकांतून बसची तिकिटं काढत होते.
"तुझे दोन हात हवेत," तो म्हणाला. "तासभर."
घटस्फोटाला सहा वर्षं झाली. एवढं लांब बोलणं पहिलंच.

विल्यांदीतला फेब्रुवारी. गॅरेजच्या दाराला आतूनही बर्फ.
मधोमध ती हिरवी, दोन सीटची, नाक उघडं टाकलेली जपानी गाडी.
आमचं घर विकून त्याच्या वाट्याला आलेल्या पैशांतून घेतलेली.
"हे बघ," म्हणाला, आणि तळहातावर पाचर ठेवली.
नखाएवढी. क्रँकशाफ्टच्या खाचेत बसते.
एक कड खाल्लेली. अर्धा मिलिमीटर.

मागच्या मालकानं बोल्ट नुसताच हातानं आवळला असणार.
मग पुली डुलायला लागली,
इतकी थोडी की कुणाला दिसू नये,
आणि लोखंड लोखंडाला खात गेलं.
इंजिन मात्र सुरू होत होतं. रोज.
मी पाचर दिव्याकडे धरली. काही बोलले नाही.

अडचण अशी, की बोल्ट आवळायला जावं
तर त्याच्याबरोबर शाफ्टही फिरतो.
फिरायचं एवढंच त्याला ठाऊक. त्याला कोण सांगणार
की आजचा जोर त्याच्याच भल्याचा आहे?
पाचवा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून पाहिलं होतं काल्युनं:
अख्खी गाडीच सरकली आणि कोपऱ्यातली
शेपूत मुरवलेल्या काकड्यांची बरणी फुटली.
वास अजून येत होता.

म्हणून मी गाडीखाली, पुठ्ठ्यावर, पाठीवर.
स्टार्टर काढलेल्या भोकातून
फ्लायव्हीलच्या दातांत जाड पेचकस अडकवून.
मला त्याचे फक्त बूट दिसत होते,
डाव्याची नाडी वेगळ्या रंगाची.
"धरलंस?"
"धरलं."
"सोडू नकोस हं."
"धरलंय म्हटलं ना."

खाच अॅसिटोननं पुसलेली. नवी पाचर, नवा बोल्ट,
उरल्यासुरल्या फटीत हिरवा गोंद.
पाना एकशे साठवर लावलेला.
त्यानं अंग टाकलं, आणि ते ओझं
बोल्टमधून शिरून शाफ्टची सगळी वळणं घेत
माझ्या मनगटात उतरलं.
मी ओळखलं ते. कपाट ढकलताना असंच असायचं,
श्वास कोंडून, आणि शेवटी नाकातून एक "नोह्".
कोपर थरथरलं. पेचकस वाकतोय असं वाटलं.
मग पान्यानं टक् केलं.
एवढ्या जोराला इतकासाच आवाज.

बाहेर आले तर तो बारीक ब्रशनं
बोल्टवरून पुलीवर एक पिवळी रेघ ओढत होता.
"हललं तर रेघ तुटेल. लगेच कळेल."
"हा रंग बाजारात मिळतो?"
"मिळतो."
"कधीपासून?"
"बरीच वर्षं झाली," तो झाकण लावत म्हणाला.

गोंद सुकायला एक दिवस. या थंडीत दोन.
तोवर किल्लीला हात लावायचा नाही.
भट्टीतला पाव ज्यानं कधी गार होऊ दिला नाही
तो माणूस हीटर लावून बसला, तिथंच, स्टुलावर.

तिसऱ्या दिवशी रात्री नऊला फोन.
हॅलो नाही, नाव नाही, नुसतं इंजिन.
माझ्या कोटाच्या खिशात ती झिजलेली पाचर होती,
कधी टाकली आठवत नाही.
तिच्या खाल्लेल्या कडेवर अंगठा ठेवून
मी ऐकत राहिले,
कुठे डुलतंय का.